गावी जायचं, पण घर विकून?

मुंबई, ठाणे, पुण्यातल्या अनेक घरांत साठीच्या आसपास एक वाद सुरू होतो आणि वर्षानुवर्षं अर्धवट राहतो. नोकरी संपलेली असते, मुलं आपापल्या वाटेला लागलेली असतात आणि वीस वर्षं हप्ते भरून सोडवलेल्या घराची किंमत ऐंशी लाख, कोट अशी काहीतरी झालेली असते. रोजच्या खर्चाला मात्र ओढाताण. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्यांचं पेन्शन महागाई भत्त्याबरोबर वाढतं. खासगी कंपनीत हयात घालवलेल्यांना ती सोय नाही. १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन ठरलं ते महिना एक हजार रुपये, आणि या योजनेतलं पेन्शन महागाईशी जोडलेलं नाही. राहत्या भिंतींत एवढा पैसा आणि पासबुकात महिनाअखेरीस चणचण, अशी ही अवस्था. तेव्हा ‘हे विकू आणि स्वस्त जागी जाऊन सुखानं राहू’ असं कुणी म्हटलं तर तो खुळा विचार नाही. तो नीट ऐकून घ्यायला हवा आणि तितक्याच नीट तपासायलाही हवा.

त्यासाठी दोन्ही बाजू एका जोडप्याच्या तोंडी देतो. हे जोडपं म्हणजे कुणी विशिष्ट माणसं नव्हेत, पण डोंबिवलीच्या कुठल्याही जुन्या सोसायटीत ती भेटतील. चार मजल्यांची इमारत, तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके, लिफ्ट नाही. त्याचं मूळ गाव लांजा तालुक्यात, तिचं माहेर गिरगावात. त्याला जायचंय, तिला राहायचंय. बहुतेक घरांत बाजू अशाच वाटलेल्या असतात आणि त्याला कारण आहे. ते पुढे येईल. माझं मत आधीच सांगून टाकतो. या वादात दोन वेगळे निर्णय एका गाठीत बांधले जातात. गाव बदलायचं का, हा एक. राहतं घर विकायचं का, हा दुसरा. पहिला चुकला तर वर्षभरात दुरुस्त करता येतो. दुसरा चुकला तर या वयात तो दुरुस्त होत नाही. म्हणून पहिला लवकर घ्यावा, दुसरा शक्य तितका लांबवावा आणि दोन्हींच्या मध्ये काही वर्षं जाऊ द्यावीत.

“अगं, भाजीची पिशवी घेऊन तीन जिने चढताना मला मध्ये दोनदा थांबावं लागतं,” तो म्हणतो. “अजून गुडघे आहेत म्हणून निदान उतरतोय तरी. ते गेले की हेच घर आपल्याला कोंडून ठेवणार. बी विंगमधल्या आजींना डॉक्टरकडे न्यायचं तर खुर्चीत बसवून चौघांना उचलावं लागतं. ऑफिस संपलं, लोकल संपली, मग स्टेशनजवळच्या जागेत एवढा पैसा अडकवून ठेवायचा कशाला? गावी घर आहे, विहीर आहे, हवा आहे. इथले पैसे व्याजाला लावले तर दोघांचं व्यवस्थित भागेल.”

त्याच्या बोलण्यातला जिन्याचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. ‘शहरात सगळं हाताशी असतं’ असं म्हणताना आपण धडधाकट माणूस डोळ्यांसमोर ठेवतो. ठाणे, डोंबिवली, कल्याण, पुण्याच्या जुन्या पेठा, इथे तीन-चार मजली बिनलिफ्टच्या इमारती रांगेनं उभ्या आहेत आणि त्यांत राहायला आलेली तरुण जोडपी आता सत्तरीत आहेत. खाली दवाखाना, औषधाचं दुकान, बाग, सगळं असतं. फक्त खाली उतरता येत नाही. त्याचा दुसरा मुद्दाही खरा आहे. शहरातल्या जागेची किंमत ही मुख्यतः कामाच्या जवळ असण्याची किंमत असते. ज्याला आता कामावर जायचं नाही, तो माणूस त्या जवळिकीत आपली सगळी पुंजी गुंतवून बसलेला असतो. आणि स्वस्ताईसाठी गाव बदलणं या पिढीला नवीन नाही. गिरगाव, दादर, लालबागच्या चाळींतून डोंबिवली, विरार, बदलापूरला ही माणसं आली ती परवडेना म्हणूनच. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या चक्क घटली आणि ठाणे जिल्ह्याची भराभर वाढली, त्यामागेही हेच आहे. मात्र तेव्हा तिशी होती. नोकरी तीच राहिली, लोकलच्या डब्यातला ग्रुप नव्यानं जमला, मुलांच्या शाळेमुळे ओळखी झाल्या. साठीनंतर नव्या गावात ओळखी जमवून देणारी अशी कुठलीच व्यवस्था आपोआप चालून येत नाही. त्या मुद्दाम जमवाव्या लागतात.

“अहो, तुम्ही स्वस्त स्वस्त म्हणता, तिथं स्वस्त काय मिळतं ते एकेक सांगा,” ती विचारते. “तुमच्या बीपीच्या गोळ्यांच्या पाकिटावर इथं जी एमआरपी, तीच लांज्यात. मोबाइलचं रिचार्ज तेच. विजेचा दर तोच, दोन्हीकडे महावितरणच आहे. गॅसच्या सिलिंडरमध्ये असून असून किती फरक असणार? भाजी तर घाटावरून येते, ती तिथं महागच. आणि तुम्ही रिटायर झालात, मी कधी होणार? इथं केर-भांड्याला बाई आहे, खाली पोळीभाजी केंद्र आहे. तिथं अंगण झाडायचं, माकडांनी फोडलेली कौलं बदलून घ्यायला माणूस शोधायचा, मे महिन्यात विहीर तळाला गेली की पाण्याचं बघायचं. हे कोण करणार ते आधी ठरवा.”

या बोलण्यात अर्धं अर्थशास्त्र आहे. ज्याचं घर स्वतःचं आणि हप्ते फिटलेले, त्याच्या मासिक खर्चातला मोठा भाग शहरात काय नि गावी काय, जवळजवळ सारखाच असतो. औषधं, विमा, वीज, गॅस, फोन, किराणा. स्वस्त गावी खरोखर स्वस्त असतात त्या दोनच गोष्टी: जागा आणि माणसाची मजुरी. आणि मजुरीचं गणितही कोकणातल्या खेड्यात फसतं, कारण दर कमी असला तरी माणूस मिळत नाही. तरुण सगळे मुंबई-पुण्याला. म्हणजे स्थलांतराचा सगळा आर्थिक लाभ शेवटी जागेच्या किमतीतल्या फरकात येऊन थांबतो, आणि तो फरक हातात पडायचा तर राहतं घर विकावं लागतं. पेच नेमका इथे आहे: ज्या पावलातून पैसा मिळतो, तेच पाऊल मागे घेता येत नाही.

हे भाड्यानं राहणाऱ्यांना लागू नाही, एवढं इथे सांगायला हवं. ज्यांचं शहरात स्वतःचं घर नाही आणि पेन्शनचा मोठा हिस्सा दर महिन्याला भाड्यात जातो, त्यांना लहान शहरात गेल्यावर पहिल्या महिन्यापासून खरी बचत होते आणि गमावण्यासारखं मागे काही उरत नाही. त्यांनी फार घोळ न घालता, हातपाय चालताहेत तोवर जावं.

आता घरवाल्यांचा हिशेब. उदाहरणादाखल धरू की डोंबिवलीचं घर ऐंशी लाखांना विकलं आणि एखाद्या लहान शहरात लिफ्ट असलेल्या इमारतीत पस्तीस लाखांचं घेतलं. उरले पंचेचाळीस. त्यातून दोन्हीकडची दलाली, नव्या घराचं मुद्रांक शुल्क आणि नोंदणी, सामान हलवणं, आणि जो नफा नव्या घरात गुंतवला गेला नाही त्यावरचा भांडवली नफ्याचा कर, हे सगळं जाऊन हाती अडतीस लाख राहिले असं समजू. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा २०२३ च्या अर्थसंकल्पात पंधरा लाखांवरून तीस लाख झाली आणि त्याच वर्षी एप्रिलपासून तिचा दर ८.२ टक्के झाला. दोघांच्या नावांवर मिळून अडतीस लाख तिथे ठेवले तर महिन्याला सव्वीस हजारांच्या जवळ व्याज येतं. हा एक मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे घर न विकता अठरा हजारांनी भाड्यानं द्यायचं. मेंटेनन्स आणि मालमत्ता कर जाऊन पंधरा उरतील. लहान शहरात दहा हजारांचं घर भाड्यानं घ्यायचं. महिन्याला पाच हजार वर राहतात. दोन मार्गांत एकवीस हजारांचं अंतर पडतं. परत येण्याची वाट उघडी ठेवायची, त्याची ही मासिक किंमत.

“एकवीस हजार म्हणजे आपलं महिन्याचं घर चालतं,” तो म्हणेल, “नुसत्या भीतीपायी एवढे पैसे सोडायचे?” रक्कम थोडी नाही, हे खरं. पण हे अंतर आहे तसं राहत नाही. महागाई सहा टक्क्यांनी वाढली तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. व्याजाचे सव्वीस हजार बारा वर्षांनीही सव्वीसच राहतील आणि आजच्या तेरा हजारांचं काम करतील. शिवाय ही योजना पाच वर्षांची, पुढच्या मुदतीला दर काय असेल ते तेव्हाच कळणार. भाडं मात्र साधारण महागाईबरोबर वाढतं, आणि मागे घर शाबूत असतं. बासष्टीच्या माणसाला पंचाहत्तरीपर्यंतचा हिशेब करायचा असतो. पहिल्या वर्षाच्या व्याजावरून घेतलेला निर्णय त्या वयाला कितपत पुरतो, हे कागदावर मांडून बघितलंच पाहिजे. ज्यांचा पहिल्या दोन-तीन वर्षांचा खर्चही या पाच हजारांत आणि पेन्शनमध्ये भागणार नाही, त्यांना हा दुसरा मार्ग झेपणार नाही, हे मी मान्य करतो. त्यांना विकावंच लागेल. पण ‘विकावं लागेल’ अशी स्थिती असलेले आणि ‘विकलं की बरं पडेल’ असं वाटणारे, यांत दुसरेच बरेच असतात.

आता गाव. कोकणच्या चाकरमान्यानं म्हातारपणी गावी परतायचं, ही रीत शंभर वर्षांहून जुनी आणि तिच्यामागे एक पक्की रचना होती. पुरुष गिरणीत किंवा गोदीत, बायको-मुलं आणि आईवडील गावी. ही रचना आकड्यांत अजून दिसते: २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. निवृत्त होऊन परतणारा माणूस चालत्या घरात परतत होता. चूल पेटती होती, गोठ्यात जनावर होतं, वाडीत त्याच्या बायकोच्या पन्नास ओळखी होत्या, आजारपणात कुणाला हाक मारायची हे तिला ठाऊक होतं. आजचं जोडपं दोघंही शहरात वाढलेलं. गावचं घर वर्षातले अकरा महिने कुलपात. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या कमी झाली. वाडीतली निम्मी घरं बंद, उघडी आहेत त्यांत म्हातारी माणसं. ज्याला आपण परत जाणं म्हणतो ते आता खरं तर बासष्टाव्या वर्षी नव्यानं संसार मांडणं झालं आहे. आणि तो मांडण्याचं काम जिच्यावर पडणार, तिच्या ओळखी, तिचं भजनी मंडळ, तिची भिशी, सगळं डोंबिवलीत आहे. तो जाऊ म्हणतो आणि ती राहू म्हणते, त्याचं कारण हे. तिचा विरोध म्हणजे हट्ट आहे असं धरून चालणारी घरं पुढे फसतात.

“पण घर आपलं आहे ना तिथं? फुकटात जागा आहे,” तो म्हणतो.

“उताऱ्यावर सात नावं आहेत,” ती म्हणते.

कोकणात हे घरोघरी आहे. आजोबांच्या नावावरचं घर, वारसनोंदी अर्धवट, असेसमेंटच्या उताऱ्यावर आणि सातबाऱ्यावर काका, चुलत भाऊ, आत्या. राहायला कुणाची हरकत नसते, पण त्या घरात स्लॅब, कमोड, बोअरवेल असे आठ-दहा लाख घातले की हरकती निघायला लागतात. आपला पैसा गेला आणि मालकी मात्र सातव्या हिश्शाची, अशी गत होते. आणि गावची माया नसेल, नुसती नवी जागाच घ्यायची असेल, तर शेतकरी असल्याचा पुरावा नसलेल्याला १९४८ च्या कूळकायद्यामुळे शेतजमीन घेता येत नाही. बिगरशेती प्लॉट घ्यावा लागतो आणि त्याची कागदपत्रं वकिलाकडून तपासून घ्यावी लागतात. स्वस्त प्लॉटच्या जाहिरातींत ही गोष्ट ठळक अक्षरांत नसते.

सगळ्यात मोठा प्रश्न दवाखान्याचा. निवृत्तीनंतरचा काळ एकसारखा नसतो. पहिली दहा-बारा वर्षं माणूस स्वतःचं स्वतः करतो. त्या वर्षांत त्याला स्वस्ताई, मोकळी हवा, फिरायला रस्ता हवा असतो. नंतरच्या वर्षांत त्याला दुसऱ्याचा हात आणि जवळचं हॉस्पिटल लागतं. गाव निवडताना सगळे पहिल्या काळाचा विचार करतात. आता कोकणातल्या त्या घराचंच घ्या. पावसाळ्यात अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं. पहाटे न्हाणीघराकडे जाताना पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं तर काय होतं, ते टप्प्याटप्प्यानं बघा. १०८ ची रुग्णवाहिका येते, पण ती वाडीपर्यंत येईल का हे रस्त्यावर अवलंबून. तालुक्याच्या रुग्णालयात एक्स-रे होतो, ऑपरेशनला पुढे पाठवतात. पुढे म्हणजे रत्नागिरी, नाहीतर आंबा घाट चढून कोल्हापूर. २०११ मध्ये सुरू झालेलं मुंबई–गोवा महामार्गाचं रुंदीकरण दशक उलटलं तरी संपलं नव्हतं, हे तिथून प्रवास करणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीला माहीत आहे. सुधारणा होतेय, हेही सांगितलं पाहिजे: सिंधुदुर्गात २०२१ मध्ये आणि रत्नागिरीत २०२३ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली. पण सिंधुदुर्गातला गंभीर रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात नेला जात आला, आणि जानेवारी २०१८ पासून गोवा सरकारनं तिथे बाहेरच्या राज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा आपण दुसऱ्याच्या दवाखान्यावर किती विसंबून होतो ते अख्ख्या जिल्ह्याला कळलं. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता वर्षाला पाच लाखांपर्यंतचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ते उपयोगी आहे, पण योजनेतलं हॉस्पिटल गाठता आलं तरच.

म्हणून माझा कौल खेड्याला नाही आणि महानगरालाही नाही. जिथे वैद्यकीय महाविद्यालय आहे, रेल्वे आहे, रिक्षा मिळते, जेवणाचा डबा मिळतो आणि जागा मुंबईच्या मानानं बऱ्याच कमी किमतीत मिळते, असं मधलं शहर निवडावं. मिरजेचं उदाहरण घेतो. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी तिथे मिशनचं हॉस्पिटल सुरू केलं, १९६२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं, आणि आज कर्नाटकातूनही रुग्ण तिथे येतात. एका लहान शहरात हाडांचा, हृदयाचा, डोळ्यांचा, मूत्रपिंडाचा डॉक्टर रिक्षाच्या अंतरावर मिळणं ही म्हातारपणातली खरी स्वस्ताई आहे, कारण त्या काळात माणूस भाजीपेक्षा उपचार आणि सेवा जास्त विकत घेतो. रेल्वेचं मोठं जंक्शन, म्हणजे पुण्या-मुंबईच्या मुलांना रात्री बसून सकाळी पोचता येतं. संगीताचं जुनं गाव, तंबोरे बनवणाऱ्यांचं गाव. संध्याकाळी जाऊन बसायला जागा आहेत. कोल्हापूर, नाशिक, अमरावती, यांतलं कुठलंही या कसोट्यांवर तपासता येईल.

“तिथं आपलं कोण आहे?” ती विचारते. “गावी निदान तुमचे चुलत भाऊ तरी आहेत.” तिचा हा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो. स्त्रिया सरासरीनं जास्त जगतात आणि आपल्याकडे नवरा वयानं मोठा असतो. तेव्हा या नव्या गावात शेवटी एकटी राहण्याची पाळी बहुधा तिच्यावर येणार. निर्णय दोघांचा म्हणायचा, पण त्याची शेवटची वर्षं तिची एकटीची. म्हणून गाव निवडण्याचा पहिला हक्क तिचा आहे असं मी म्हणेन. तिची बहीण, मैत्रीण, भाची जिथे असेल ते शहर यादीत वर आलं पाहिजे, त्याचं गाव तिथून कितीही लांब असो. कुणीच नसेल तर जोडप्यानं एकटं जाण्यापेक्षा ओळखीच्या दोन-तीन कुटुंबांनी मिळून एका इमारतीत भाड्यानं घरं घेणं बरं. दोघांपैकी एक गेल्यावर कुठे राहायचं, हा विषय काढायला अवघड जातो, पण तो गाव बदलण्याच्या आधी बोलून ठरवायचा. नंतर तो ठरवायला जी उरते, तिला पाठबळ नसतं.

“मिरज-सांगलीला पूर येतो ना?” हा त्याचा आक्षेप. येतो. कृष्णेचा पूर २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये आला, सांगली शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. चिपळूणही २००५ आणि २०२१ मध्ये बुडालं. तेव्हा घर बघताना २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं, हे दलालाला न विचारता कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारायचं. भाड्यानं राहून आधी शहर समजून घ्यायचं, ते यासाठीही.

“भाडेकरू जागा सोडेना तर? आणि आपली इमारत रिडेव्हलपमेंटला गेली तर?” दोन्ही शंका रास्त. महाराष्ट्रात भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं १९९९ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. लिव्ह अँड लायसन्सचा अकरा महिन्यांचा नोंदणी केलेला करार असेल तर मालकाची बाजू भक्कम राहते. तोंडी व्यवहार किंवा नुसत्या स्टॅम्पपेपरवरचा करार करू नये. रिडेव्हलपमेंटची गोष्ट तर उलट आपल्या बाजूची आहे. इमारत जुनी, बिनलिफ्टची, म्हणजे आज ना उद्या ती पाडून नवी होणार. त्याआधी घाईनं विकणं म्हणजे वाढीव जागेवर आणि नव्या इमारतीच्या भावावर पाणी सोडणं. आणि बांधकाम चालू असताना घर रिकामं करावंच लागतं, त्या काळात बिल्डर भाडं देतो. डोंबिवलीच्या हिशेबानं मिळणारं ते भाडं मिरजेत घराला पुरून उरतं. गाव बदलून बघायला याहून सोयीचा काळ नाही. धोका आहे तो प्रकल्प रखडण्याचा आणि भाडं मध्येच बंद होण्याचा. म्हणून करारात बँक गॅरंटी आहे का हे सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभं राहून विचारायचं. नवी इमारत झाली की मेंटेनन्स वाढेल आणि पेन्शनमध्ये तो झेपणार नाही, हेही खरं. पण लिफ्टचं, नवं घर विकायचं की ठेवायचं हे तेव्हा ठरवता येईल. ज्यांना शहरातच राहायचंय पण खर्चाची ओढ आहे, त्यांच्यासाठी रिव्हर्स मॉर्गेज ही सोय २००७ च्या अर्थसंकल्पात आणली गेली; साठीनंतर राहत्या घरावर बँक ठरावीक रक्कम देते आणि वसुली दोघांच्या पश्चात घरातून होते. ती आपल्याकडे रुजली नाही, कारण घर मुलांना द्यायचं असतं.

मुलांचा विषय निघाला आहे तर त्यावर स्पष्ट बोलतो. गाव बदलण्यातला एक प्रकार म्हणजे घर विकून पैसे मुलाच्या मोठ्या फ्लॅटमध्ये घालायचे आणि त्याच्याकडे राहायला जायचं. हे सगळ्यांत स्वस्त दिसतं. यात मुलाच्या चांगुलपणाचा प्रश्न नसतो. त्याची बदली होते, नोकरी जाते, घटस्फोट होतो, तो परदेशी जातो. आईवडिलांचं नाव त्या घराच्या करारात नसेल तर ते पाहुणे होतात. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार, देखभालीच्या अटीवर दिलेली मालमत्ता ती देखभाल न झाल्यास परत मिळवता येते, पण त्यासाठी ती अट कागदावर असावी लागते, आणि पोटच्या मुलाविरुद्ध न्यायाधिकरणात जायला किती आईवडील धजतात? पैसे घालायचेच तर करारात नाव घालून घालावेत. मुलांनी स्वतःहून तसं सुचवावं, म्हणजे आईवडिलांना तोंड उघडून मागावं लागणार नाही.

“स्वतःचं घर असताना म्हातारपणी भाड्याच्या घरात राहायचं? लोक काय म्हणतील?” तो शेवटी म्हणतो, आणि हा आक्षेप पैशापेक्षा जास्त माणसांना अडवतो. त्याला माझं उत्तर असं की भाड्याचं हे घर म्हणजे परीक्षेचा काळ आहे, आणि परीक्षा कडक हवी. गणपतीत आणि मे महिन्यात गाव सगळ्यांनाच आवडतं. जायचं तर जूनच्या सुरुवातीला जावं. पावसाचे चार महिने, दिवाळीनंतरची शांतता, थंडीतली सांधेदुखी, मार्च-एप्रिलचं ऊन, हे सगळं त्या अकरा महिन्यांत अनुभवावं. त्या काळात एकदा तरी रात्री-अपरात्री डॉक्टर लागेल, तेव्हा काय झालं ते लक्षात ठेवावं. शेजारच्या किती घरांत चहाला बोलावणं आलं, ते मोजावं. सामान सगळं न्यायचं नाही. आणि हे पासष्टीच्या आत करावं; पंच्याहत्तरीला नव्या गावात ओळखी जुळत नाहीत, आणि जुळल्या तरी त्या आजारपणात हाक मारण्याइतक्या पक्क्या व्हायला वेळ लागतो, तो वेळ तेव्हा हाताशी नसतो.

“मग गावच्या घराचं काय?” तो विचारतो.

“गणपतीला जाऊ, मे महिन्यात जाऊ. मिरजेहून काय, गाडी केली की घाट उतरून त्याच दिवशी पोचतो,” ती म्हणते. “पण ते वारसनोंदीचं आणि हक्कसोडपत्राचं काम यंदाच उरका. तुमच्या आत्या चौऱ्याऐंशीच्या आहेत. त्यांची सही आधी घ्या.”